शारीरिक संबंधानंतरचा धोका आणि तपासणीच्या तारखा: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्नकर्ते ३१ वर्षांचे, विवाहित आणि नाशिकचे रहिवासी आहेत. कामानिमित्त मुंबईत असताना अकरा दिवसांपूर्वी त्यांनी देहविक्रय करणाऱ्या एका स्त्रीशी कंडोम वापरून संबंध ठेवला, पण कंडोम फाटल्याचे संबंध संपल्यावर लक्षात आले. त्याआधी त्या स्त्रीने कंडोमशिवाय मुखमैथुन केले होते. चौथ्या दिवशी त्यांनी खासगी प्रयोगशाळेत एचआयव्हीची तपासणी करून घेतली, तिचा आकडा ०.१८ आला. नवव्या दिवशी पुन्हा केली, तेव्हा तो ०.२७ आला. पाचव्या दिवसापासून लघवीला जळजळ होते, सकाळी उठल्यावर थोडा स्राव दिसतो आणि अधूनमधून घसा दुखतो. औषधाच्या दुकानातून आणलेला ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा तीन दिवसांचा कोर्स त्यांनी संपवला आहे. पत्नी पाच महिन्यांची गरोदर असून सध्या माहेरी आहे आणि पुढच्या आठवड्यात परत येणार आहे. आकडा वाढतो आहे म्हणजे लागण झाली का, एचआयव्हीची लागण रोखण्यासाठी देतात ते २८ दिवसांचे औषध आता सुरू करावे का आणि पत्नीजवळ केव्हा जावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

आधी आकड्याविषयी सांगतो, कारण तुमची झोप त्यानेच उडवलेली दिसते. अहवालातला ०.१८ किंवा ०.२७ हा आकडा विषाणूंची संख्या दाखवत नाही. यंत्र तुमच्या नमुन्यातून आलेला संकेत मोजते, तपासणीच्या त्या संचासाठी (किटसाठी) ठरवून दिलेल्या कट-ऑफ मूल्याने त्याला भागते आणि तो भागाकार अहवालात छापला जातो. भागाकार १.०० पेक्षा कमी असला की नमुना नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह, १.०० किंवा त्याहून अधिक असला की रिॲक्टिव्ह, एवढाच त्याचा उपयोग. एकाच नळीतले रक्त एकाच दिवशी दोनदा यंत्रात घातले तरी दोन वेगळे आकडे येतात. संचाची तुकडी बदलली, यंत्र बदलले, प्रयोगशाळा बदलली की आकडा हलतो. ज्याला खरोखर लागण झालेली असते त्याचा आकडा ०.१८ वरून ०.२७ असा रेंगाळत चढत नाही. तो काही दिवसांत कट-ऑफ ओलांडतो आणि बहुधा त्याच्या कितीतरी पट वर जातो. म्हणून तुमचे दोन्ही अहवाल सारखेच आहेत, दोन्ही निगेटिव्ह आहेत, आणि त्यांच्या फरकातून कोणताही अर्थ काढू नये.

मात्र चौथ्या आणि नवव्या दिवशीच्या निगेटिव्ह अहवालाने त्या रात्रीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून तो तपासणीत सापडेपर्यंत जो काळ जातो, त्याला आम्ही विंडो पिरियड म्हणतो आणि तुम्ही अजून त्या काळात आहात. या दोन तपासण्यांनी एकच गोष्ट कळली, ती म्हणजे या प्रसंगाच्या बऱ्याच आधीपासूनची कोणतीही लागण तुम्हाला नव्हती. तीही नोंद म्हणून उपयोगी आहे, तेव्हा ते कागद फाडून टाकू नका.

आता धोका किती, हे नीट मोजून पाहू. लोक हा हिशेब कधीच करत नाहीत, एक तर ‘मला काही होत नाही’ असे म्हणतात किंवा ‘आता संपलेच’ असे म्हणतात. योनिमार्गाच्या असुरक्षित संबंधात, समोरची स्त्री एचआयव्हीबाधित असून उपचार घेत नसेल, तर पुरुषाला एका संबंधातून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे ४ धरली जाते. उलट दिशेने, म्हणजे बाधित पुरुषाकडून स्त्रीला, ती दहा हजारांत सुमारे ८ आहे. गुदमैथुनात मात्र चित्र पार बदलते. आत घेणाऱ्या जोडीदाराला दहा हजारांत सुमारे १३८ आणि करणाऱ्याला सुमारे ११ अशी ती शक्यता आहे. दूषित सुई वाटून घेण्यात ती ६३ च्या आसपास आहे. मुखमैथुनातून एचआयव्हीची लागण इतकी क्वचित होते की तिचा विश्वासार्ह आकडाच देता येत नाही. चुंबन, मिठी, हाताने केलेले हस्तमैथुन, एकत्र जेवण, स्वच्छतागृह आणि डास यांतून एचआयव्ही होत नाही.

हे आकडे जोडीदार बाधित आहे असे गृहीत धरून काढलेले आहेत. तुम्हाला त्या स्त्रीची स्थिती ठाऊक नाही. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत होते. काही भागांत ते अधिक आहे, म्हणून आपण मुद्दाम फुगवून दहा टक्के धरू आणि त्यांतली एकही उपचारावर नाही असेही मानू. तरी तुमच्या एका संबंधातला धोका पंचवीस हजारांत एक इतकाच निघतो. हा आकडा शून्य नाही आणि म्हणून तपासणी करायचीच आहे, पण घरी बसून पत्नीला पत्र लिहून ठेवावे असाही तो नाही. असे पत्र खिशात घेऊन आलेले तरुण मी पाहिले आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

हा हिशेब दोन गोष्टींनी बिघडतो, आणि तुमच्या बाबतीत त्यांतली एक लागू असण्याची शक्यता आहे. दोघांपैकी कोणालाही जननेंद्रियावर व्रण किंवा दुसरा लैंगिक आजार असेल, तर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता काही पटींनी वाढते. आणि जोडीदाराला नुकतीच, म्हणजे गेल्या काही आठवड्यांत लागण झालेली असेल, तर तिच्या रक्तात विषाणूंची संख्या प्रचंड असते. याच्या उलट, जी व्यक्ती नियमित औषध घेते आणि जिच्या रक्तात विषाणू मोजता येण्याइतकाही उरलेला नाही, तिच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. हे दाखवून देणाऱ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांपैकी एका अभ्यासात पुण्याच्या भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत आलेली जोडपीही सहभागी होती. त्यामुळे ‘ती बाधित असेल तर मी गेलो’ हे समीकरण आज धरता येत नाही. त्या स्त्रीविषयीही एक शब्द लिहितो, कारण तुमच्या मजकुरात तिच्याबद्दल राग आहे. या व्यवसायातल्या अनेक जणी आपल्या गिऱ्हाइकांपेक्षा कितीतरी अधिक नियमाने तपासणी करून घेतात. सांगलीत १९९० च्या दशकापासून अशा स्त्रियांनी स्वतः संघटित होऊन कंडोमचा आग्रह धरला आहे. कंडोम फाटला तो तिच्या दुष्टपणामुळे नव्हे. बहुतेक वेळा पुडीवरची तारीख उलटलेली असते, टोकाशी हवा राहिलेली असते किंवा खोबरेल तेल वापरलेले असते, आणि तेलाने लेटेक्स कमकुवत होते.

तुमच्या मजकुरातले एक वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबलो. पाचव्या दिवसापासून जळजळ आणि सकाळचा स्राव. एचआयव्हीमुळे असे होत नाही. याचे सर्वांत संभाव्य कारण परमा, म्हणजे गोनोरिया, किंवा क्लॅमिडिया हे आहे. दोन्ही एकत्रही असतात. परम्याची लक्षणे पुरुषात बहुधा दोन ते सात दिवसांत दिसतात, क्लॅमिडियाची एक ते तीन आठवड्यांत दिसतात आणि पुष्कळदा दिसतच नाहीत. परम्याचे जिवाणू घशातही राहतात आणि तिथे सहसा कसलाही त्रास देत नाहीत. त्यामुळे जे ‘सुरक्षित’ समजून कंडोम वापरला गेला नाही, त्या मुखमैथुनातूनच तुम्हाला ही लागण झाली असणे सहज शक्य आहे. एचआयव्हीच्या बाबतीत जवळजवळ निर्धोक असलेली कृती परमा, गरमी (सिफिलिस) आणि नागीण (हर्पिस) यांच्या बाबतीत तशी नसते.

औषधाच्या दुकानातून घेतलेल्या गोळ्यांनी काम झाले असे समजू नका. परम्याच्या जिवाणूने एकामागून एक औषधे निकामी केली आहेत. ॲझिथ्रोमायसिन एकट्याने आता त्यासाठी भरवशाचे राहिलेले नाही. सामान्यतः सेफ्ट्रियाक्झोनचे इंजेक्शन द्यावे लागते आणि क्लॅमिडिया नाकारता येत नसेल तर सोबत डॉक्सिसायक्लिन सात दिवस देतात. अर्धवट उपचाराचा दुहेरी तोटा असा की स्राव काही दिवस थांबतो, रुग्णाला बरे वाटते आणि लागण मात्र आत राहते.

तपासणी अशी होते. स्राव दिसत असेल तर त्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅम रंगद्रव्याने रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींच्या पोटात गुलाबी रंगाचे, कॉफीच्या दाण्यांसारखे जोडीजोडीने बसलेले जिवाणू दिसले की पुरुषाच्या बाबतीत परम्याचे निदान अर्ध्या तासात होते. स्राव नसेल तर लघवीची न्यूक्लिक ॲसिड, म्हणजे जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी, तपासणी करतात. त्यासाठी किमान एक तास लघवी केलेली नसावी आणि धारेचा पहिला भागच बाटलीत घ्यावा. नेहमीच्या लघवीच्या तपासणीसाठी मधला भाग घ्यायला सांगतात, त्या सवयीने लोक इथेही तेच करतात आणि नमुना निरुपयोगी होतो. तुम्ही प्रतिजैविक घेतलेले आहे, हे तपासणाऱ्याला आवर्जून सांगा.

घसा दुखण्याचे काय, असे तुम्ही विचाराल. एचआयव्हीच्या प्राथमिक लागणीत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी सुजणे, सांधे दुखणे असा फ्लूसारखा आजार होतो, तो साधारणपणे दोन ते चार आठवड्यांनी होतो आणि सगळ्यांनाच होतो असेही नाही. तुम्हाला ताप नाही. दिवसातून दहा वेळा आरशासमोर तोंड उघडून घसा पाहिला, गळ्याच्या गाठी चाचपल्या आणि रात्रभर जागरण केले तर कोणाचाही घसा दुखतो. लक्षणांवरून एचआयव्हीचे निदान करता येत नाही आणि लक्षणे नाहीत म्हणून तो नाकारताही येत नाही. थर्मामीटर आणि आरसा बाजूला ठेवा. तारखा मात्र वहीत लिहून ठेवा.

दुसरा प्रश्न २८ दिवसांच्या औषधाचा. तुमच्यासाठी ती वेळ टळून गेली आहे. हे औषध लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या काही तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. विषाणू आधी शिरलेल्या जागेच्या पेशींत आणि लगतच्या लसिकाग्रंथींत वाढतो आणि मग सर्वदूर पसरतो. औषधाला काम करायला मिळतो तो हा मधला अवकाश. तो एकदा गेला की २८ दिवस गोळ्या घेऊन लागण पुसली जात नाही. अकराव्या दिवशी कोणी पैसे घेऊन हे औषध देऊ करत असेल तर घेऊ नका. शिवाय लागण झालेलीच असेल तर अशा औषधाने तपासणीचा निकाल आणखी धूसर होतो.

पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचा प्रसंग कालचा किंवा परवाचा असेल, तर त्यांनी पुढचे वाचण्याआधी हा परिच्छेद नीट वाचावा. कंडोम फाटला, वापरला गेला नाही किंवा जबरदस्ती झाली, तर तपासणीच्या रांगेत उभे राहण्याआधी डॉक्टरांना या औषधाविषयी विचारा. सुरुवातीची रक्ततपासणी होतेच, पण तिच्या अहवालाची वाट पाहत पहिली गोळी अडवून ठेवायची नसते. शनिवारी रात्रीचा प्रसंग आणि सोमवारची ओपीडी यांच्यामध्ये ३० हून अधिक तास निघून जातात आणि ते परत मिळत नाहीत. म्हणून जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या अपघात विभागात रविवारीही जा. सध्या सामान्यतः टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर या तिन्हींची मिळून एकच गोळी दिवसातून एकदा देतात. मळमळ, डोकेदुखी आणि झोप न लागणे एवढाच त्रास बहुतेकांना होतो आणि आठवड्याभरात तो ओसरतो. कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्तासाठीची काही औषधे चालू असतील तर ती डॉक्टरांना सांगा, कारण ती सोबत घेतली तर डोल्युटेग्राविर नीट शोषले जात नाही. कावीळ बी आणि मूत्रपिंडाची तपासणी सुरुवातीलाच करून घ्यावी. कावीळ बी असलेल्या माणसाने ही गोळी २८ दिवसांनी आपली आपण बंद केली तर यकृताचा दाह एकदम उफाळू शकतो. स्त्रीने गर्भनिरोधाची तातडीची गोळीही याच ७२ तासांत घ्यावी, आणि जितकी लवकर तितके बरे. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने विनामूल्य आणि तत्काळ उपचार देणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यासाठी आधी पोलिसांत जाऊन यायची अट नाही.

आता तुमच्या तारखा. प्रसंगाचा दिवस शून्य धरा. प्रयोगशाळेत नसेतून रक्त घेऊन केलेली चौथ्या पिढीची तपासणी विषाणूचे पी-२४ हे प्रथिन आणि शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे दोन्ही शोधते. ती १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते. म्हणून ४५ व्या दिवशीची निगेटिव्ह तपासणी मी फार मोलाची मानतो, आणि त्या दिवशी माझ्यासमोर बसलेल्या रुग्णाला ‘आता शांत झोपा’ असे सांगायला मला संकोच वाटत नाही. फक्त प्रतिपिंडे शोधणाऱ्या, बोटातून रक्त घेऊन करायच्या जलद चाचणीला ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. आपल्याकडे दोन्ही प्रकार वापरात आहेत आणि रुग्णाला बहुधा कोणती केली हे सांगितले जात नाही, म्हणून तीन महिन्यांनी एक अंतिम तपासणी करावी हा आपल्याकडचा प्रघात योग्य आहे. ज्यांनी २८ दिवसांचे औषध घेतले त्यांच्यासाठी या तारखा औषध संपल्यापासून मोजणे सुरक्षित असते. तुमच्या बाबतीत ४५ वा आणि ९० वा दिवस. मधल्या कोणत्याही दिवशीची तपासणी तुम्हाला अंतिम उत्तर देणार नाही. निगेटिव्ह आली तर दोन दिवस बरे वाटेल आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा शंका येईल. विषाणूचे थेट मोजमाप करणारी पीसीआर तपासणी लवकर कळते हे खरे, पण ती महाग आहे आणि इतक्या कमी धोक्याच्या माणसात तिचा खोटा पॉझिटिव्ह निकाल घराची राखरांगोळी करू शकतो. सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पेशींची तपासणी तर निदानासाठी नसतेच. ती कोणी सुचवली असेल तर पैसे वाचवा.

गरमी, म्हणजे सिफिलिस, याला एचआयव्हीइतकेच गंभीरपणे घ्या. तुमच्या घरी गर्भ वाढतो आहे, तेव्हा कदाचित अधिकच. लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी, पण दहापासून नव्वद दिवसांपर्यंत केव्हाही, जननेंद्रियावर एक कडक कडांचा, न दुखणारा व्रण उठतो. न दुखल्यामुळे तो अग्रत्वचेखाली किंवा वृषणाच्या मागे असेल तर लक्षातच येत नाही, आणि काही आठवड्यांत उपचाराशिवाय आपोआप भरतो. माणूस सुटलो म्हणून निःश्वास टाकतो आणि जिवाणू रक्तात पसरलेला असतो. म्हणून आठवड्यातून एकदा आंघोळीच्या वेळी उजेडात नीट पाहा. एकदाच, रोज नको. व्हीडीआरएल ही गरमीची रक्ततपासणी व्रणाच्या सुरुवातीला निगेटिव्ह असू शकते. ती आता आधारासाठी एकदा, मग ४५ व्या आणि ९० व्या दिवशी करा. सापडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने हा आजार आजही पूर्ण बरा होतो.

कावीळ बी लैंगिक संबंधातून एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरते, आणि तिच्यावर लस आहे. तुमच्या वयाच्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही, कारण देशभरच्या बाल लसीकरणात ती नंतर आली. एचबीएसएजी ही कावीळ बीची रक्ततपासणी करून घ्या आणि निगेटिव्ह असेल तर लगेच लस सुरू करा: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. धोका मोठा वाटला तर चौदा दिवसांच्या आत तिच्यासोबत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देता येते. तुमचे तीन दिवस उरले आहेत, तेव्हा हे उद्याच विचारा.

‘फुल एसटीडी प्रोफाइल’ नावाखाली मोठी पॅकेजे विकली जातात, त्यात नागिणीच्या, म्हणजे हर्पिसच्या प्रतिपिंडांची तपासणी हटकून असते. व्रण नसताना ती करू नका. ओठावर लहानपणी येऊन गेलेल्या फोडांमुळेही ती पॉझिटिव्ह येते, खोटे निकालही पुष्कळ येतात, आणि तिच्यावरून उपचार काही बदलत नाही. मानवी पॅपिलोमा विषाणूची पुरुषासाठी उपयोगाची अशी तपासणीच नाही. भिंतींवरच्या जाहिरातींतल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञां’कडे तर मुळीच फिरकू नका.

एक विनंती फार कळकळीने करतो. फुकट तपासणी होते म्हणून रक्तदान शिबिरात जाऊन रक्त देऊ नका. हा मार्ग सुचवणारे मित्र असतात. रक्तपेढीत रक्त तपासले जाते, पण विंडो पिरियडमधले रक्त तपासणीतून निसटू शकते, आणि बाधित रक्त चढवल्यावर लागण होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक असते. ते रक्त एखाद्या बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या मुलाला जाते. ९० व्या दिवसाची तपासणी निगेटिव्ह येईपर्यंत रक्तदान नाही, आणि नंतरही रक्तपेढीच्या प्रश्नावलीत खरे उत्तर द्या.

आता पत्नी. हा तुमचा तिसरा प्रश्न होता, माझ्या दृष्टीने पहिला हाच. तिला आज धोका नाही, कारण त्या दिवसानंतर तुम्ही एकत्र आलेले नाहीत. हे असेच ठेवणे तुमच्या हातात आहे. परम्याचा किंवा क्लॅमिडियाचा उपचार पूर्ण होऊन सात दिवस उलटेपर्यंत आणि लक्षणे पूर्ण थांबेपर्यंत कोणताही संबंध नको, मुखमैथुनही नको, कारण बाळंतपणात हे जिवाणू बाळाच्या डोळ्यांत जातात. त्यानंतर ४५ व्या दिवसापर्यंत संबंध टाळणेच उत्तम. ४५ व्या दिवशीचे एचआयव्ही आणि व्हीडीआरएल दोन्ही निगेटिव्ह आले तरी गरोदरपणात मी ९० व्या दिवसापर्यंत कंडोमचा आग्रह धरतो. एरवी इतका ताणून धरत नाही. कारण असे आहे: आईला आधीपासून लागण असेल आणि ती औषधे घेत असेल, तर बाळाला लागण होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत, नीट उपचारात त्याहूनही पुष्कळ कमी आणता येते. पण गरोदरपणातच नवी लागण झाली तर विषाणूंची संख्या शिखरावर असते, आणि सुरुवातीची तपासणी निगेटिव्ह आलेली असल्यामुळे कोणाला संशयही येत नाही. गरमीमुळे तर गर्भपात, मृत जन्म किंवा जन्मजात व्यंग होऊ शकते.

तिला सांगावे का? मी तुमच्या घराचा निर्णय घेऊ शकत नाही. वैद्यकीय बाजू तेवढी सांगतो. तुमच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या आणि मधल्या काळात तुम्ही अंतर राखले, तर तिच्या प्रकृतीसाठी सांगणे अनिवार्य ठरत नाही. गरोदरपणात डॉक्टरांनी संबंध टाळायला सांगितले आहेत, एवढे खरे कारण तुमच्यापाशी आहेच. पण तुम्हाला काही आढळले आणि त्याआधी तिच्याशी संबंध आलेला असेल, तर तिची तपासणी आणि उपचार व्हायलाच हवेत. ते तिच्यापासून लपवून तिच्या दुधात गोळ्या मिसळून होत नाही. असा प्रसंग आलाच तर समुपदेशकासमोर दोघांनी बसून बोलणे सोपे जाते, हे मी अनेक जोडप्यांच्या बाबतीत पाहिले आहे. तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासण्या झाल्या आहेत का ते पाहा आणि सातव्या-आठव्या महिन्यात त्या पुन्हा करायला सांगा. अनेक डॉक्टर त्या नेमाने करतातच.

एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात करा. ती विनामूल्य असते, समुपदेशक एकांतात बोलतो, आणि पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली तर वेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या आणखी दोन चाचण्यांनी तिची खातरजमा केल्याशिवाय ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द उच्चारला जात नाही. खासगी प्रयोगशाळेचा एकच रिॲक्टिव्ह कागद हातात पडला तर तो अंतिम समजू नका आणि थेट या केंद्रात जा. संमतीशिवाय तपासणी करणे आणि निकाल इतरांना सांगणे याला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. १०९७ हा टोल-फ्री क्रमांक तुम्हाला जवळचे केंद्र सांगेल. आणि निकाल खरोखर पॉझिटिव्ह आलाच, तर दिवसातून एक गोळी, तीही एचआयव्हीची औषधे देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रातून फुकट, आणि तिच्यासह जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य असा आजचा अर्थ आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह मोजक्या ठिकाणी एप्रिल २००४ मध्ये मोफत औषधे सुरू झाली, त्याआधीचे वॉर्ड मी पाहिले आहेत, आणि तेव्हाच्या भीतीने आजचा निर्णय घेऊ नका असे त्यामुळेच सांगतो.

उद्या सकाळी उठल्यावर लघवीला न जाता जिल्हा रुग्णालयातल्या त्वचा व गुप्तरोग विभागात किंवा लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये जा. दोन्ही जुने अहवाल आणि घेतलेल्या गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत न्या. ‘लघवीला जळजळ’ एवढेच सांगून थांबू नका. कोणाशी, केव्हा आणि कोणत्या प्रकारचा संबंध आला, कंडोम फाटला, मुखमैथुन झाले आणि पत्नी गरोदर आहे, हे सगळे एका दमात सांगून टाका. समोरच्या डॉक्टरने ते याआधी पुष्कळदा ऐकलेले असते. स्राव तपासायला द्या, उपचार तिथेच सुरू करून घ्या, व्हीडीआरएल आणि एचबीएसएजीचे रक्त द्या, कावीळ बीची पहिली लस आणि प्रतिपिंडांचे इंजेक्शन याविषयी विचारा, आणि घरी येताना कॅलेंडरवर ४५ वा आणि ९० वा दिवस खूण करून ठेवा.